इंग्रजीच्या तासाचं साल

बसा पाहुणे, अठी सावलीत बसा. अकोल्याची गाडी आताच गेली. दुसरी येईन तवा येईन, अंजनगावच्या स्टँडवर घाई करून कोनाचं भलं झालेलं मी पायलं नाई. तुमी अकोल्यात शाळेत कारकून हाय मनता ना? मंग तुमाले एक गोष्ट सांगतो. शाळेचीच हाय. सांगनारा मातर दुसरीपर्यंतच शिकेल हाय, तेबी मास्तर घरी बोलवाले येत होता मनून. शब्द वाकडातिकडा लागला तर समजून घेजा.

माहं नाव देवमन. एकतीस वर्सं सालदारी केली. आजकालच्या लोकायले सालदार मनजे काय ते सांगा लागते, मनून सांगतो. वर्सभरासाठी एका मालकाच्या घरी कामाले राह्याचं, त्याले आमी साल मनतो. पाडव्याले ते ठरे. मालक एका बाजूनं, सालदार एका बाजूनं, आन मंधात तिसरा मानूस. आमच्या गावात तो तिसरा मनजे नत्थुजी. टोपी घालून बसे, आन पयले मालकाकडं पाहे. "बोला, तुमच्याकडून काय?" मालक सांगे, तांबडं फुटाच्या आत बैलायच्या कोठ्यात याचं, बैलाले पानी पाजल्याबिगर सोता चा प्याचा नाई, पेरनीत सुट्टी नाई. मंग नत्थुजी माह्याकडं वळे. "बोल देवमन, तुह्याकडून काय?" मी सांगत होतो, पोळ्याले नवं कापड, घरी कोनी बिमार पडलं तर दोन दिवस, आन पयल्या सालानंतर एक अट मी कोन्याच साली सोडली नाई. चुकलो तर चारचौघात बोलाचं नाई. विहिरीवर न्या, बांधावर न्या, तठी पायजे तेवढं बोला. दोन्हीकडचं झालं का गुळाचा खडा दोघायच्या तोंडात, आन साल ठरलं. कागद नाई का सई नाई.

आता माहा पोरगा धर्मेंद्र बडनेऱ्याले रेल्वेच्या यार्डात ठेकेदाराकडं डबे धुते. सूनबी तठीच. एवढुशी खोली, मनून त्यायची पोरगी रश्मी आमच्यापाशी राह्यते. गावातून एसटीनं अंजनगावले हायस्कुलात येते. पोट्टी लय बोलकी. गाडीत कोन कोनाशी भांडलं इथपासून तर मास्तराच्या चपलीचा अंगठा तुटला इथपर्यंत सारं सांगे. सुंदराबाई, मनजे आमची मंडळी, तिले मने, "तुह्या तोंडाले कुंभाराच्या घरून झाकनच करून आनतो."

रश्मी नववीत गेली आन इंग्रजीले नवी मॅडम आली. आकांक्षा मॅडम. तुमच्या अकोल्याचीच. पयल्याच दिवशी तिनं वर्गातल्या साऱ्यायले एक छापेल कागद देल्ला. एका बाजूनं इंग्रजी, उलट्या बाजूनं मराठी. वर लिवेल होतं, इंग्रजीच्या तासाचे नियम आणि अपेक्षा. रश्मीनं मले मराठी बाजू वाचून दाखवली. घंटी होयाच्या आत जाग्यावर बसाचं. वही एकच, समास सोडेल. मोबाईल दिसला तर परीक्षा सरेपर्यंत मोठ्या सरायच्या कपाटात. गृहपाठ एक दिवस उशिरा आला तर अर्धे गुण, दोन दिवसानं आला तर आनूच नाई. एकाचं पाहून दुसऱ्यानं लिवलं तर दोघायले भोपळा. तासाले इंग्रजीतच बोलाचं, ज्याच्या तोंडून मराठी निघन त्यानं तास सरेपर्यंत उभं राह्याचं. आन सर्वात खाली, वरील अटी मान्य, पालकाची सही.

"आबा, अठी सई करा."

"होईन मनलं, ठेव."

मले कागद लय आवडला, खोटं नाई सांगत. मानूस कडक हाय, पन काम कोनतं ते साफ सांगते. असा मालक कवाबी चांगला. मले वाटलं, तिच्याकडचं सांगून झालं. आता आमच्याकडून काय ते इचाराले बोलावनं येईन. मनून कागद आरशाच्या मांगं खोसला आन बोलावन्याची वाट पाहत बसलो.

तुमी हसून रायले. नत्थुजीले सांगतलं तवा तो नाई हसला. तो मने, "बरोबर हाय. आपून सोताहून नाई जाचं, मान राह्यत नाई."

असे तीन आठवडे गेले. इकडं पोट्टी हळूहळू मुकी झाली. गाडीतून उतरे, दप्तर ठेवे, भाकर खाये, झोपे. इचारलं तर "काई नाई." सुंदराबाईले झाकन पायजे होतं, ते बसलं तर आता तिलेच सहन होये ना. मले मने, "पाहा ना जरा, पोरीले कोनाची नजर लागली का काय."

एका गुरुवारी मी वावराकडून येऊन रायलो होतो. मानिकबाईची निंदनाची टोळी सोयाबीनमंधी बसेल. अकरा बाया, आन बाराव्या जाग्यावर शाळेचा निळा कुडता. रश्मी. हातात इळा.

"काहून वं, शाळा?"

"सुटली."

"आज गुरुवार हाय."

"माही सुटली, आबा."

मानिकबाई मने, "राहू द्या ना देवमनजी. हात लय चांगला चालते पोरीचा."

ती बिचारी चांगलंच बोलली, पन मले ते इंगळासारखं लागलं. आमच्या घरात हात कोनाचाच वाईट नाई. माह्या मायचा चांगला, बायकोचा चांगला, बहिनीचा चांगला. त्या चांगल्या हातापायीच तिघी बाया वावरातून बाहीर नाई निघाल्या.

घरी आनली. चा ठेवला. दोन घोट पोटात गेले तवा बोलली. तासाले पानी प्याले जाचं तर कसं मनाचं ते येत नाई. पेन खाली पडला, "पेन दे वं" मनलं, का उभी. पयल्या आठवड्यात पाच दिवस उभी होती. मांगच्या बाकावरचे पोट्टे मनत, "खांब आला, वर्ग आता पडत नाई." मंग तिनं तोंडच उघडनं सोडलं. पयले त्या तासाले, मंग साऱ्याच तासाले.

"आन तुमच्या सईसाठी मॅडम रोज इचारते. सोमवारी कागद नाई आला तर वर्गात बसू नको मनलं. पन बसून काय करू? मले तठी बोलताच येत नाई." मंग मने, "तुमीबी सई नाई केली. तुमालेबी वाटत असन, कायले जाते ही."

मी पोरीच्या भल्यासाठी थांबेल होतो, आन पोरगी समजली का आबाले माही शाळाच नको.

सुंदराबाई मने, "तुमच्या बोलावन्याच्या नादात पोरीची शाळा चालली. बोलावनं काय बैलबंडी जुपून येते का दारात?"

सोमवारी सकाळी मी आन नत्थुजी रश्मीले घेऊन गाडीत बसलो. नत्थुजीनं धुतलेली टोपी घातली. मी आरशामांगचा कागद खिशात घातला, रुमालात गूळ बांधला. पोट्टी खिडकीतून बाहीर पाहे. तिनं सांगून ठेवलं होतं, "मी फाटकाच्या आत येतो, वर्गात नाई जात."

मॅडम मास्तरायच्या खोलीत एकटीच होती. वय माह्या सुनेपेक्षा लहान. दारात दोन म्हतारे पायले, एकाच्या हातात काठी, आन बाईचा चेहराच उतरला. दोन दिवसाआंधी कोन्या पोट्ट्याचा बाप मोबाईलपायी तिच्यावर वरडून गेला होता, ते आमाले मांगून समजलं. ती कपाटाले पाठ लावून उभी राह्यली आन मने, "मोबाईल परत मिळणार नाही."

नत्थुजी मने, "मोबाईल नाई बाई. साल ठरवाले आलो."

"काय ठरवायला?"

नत्थुजी बाकावर बसला. गुळाचा रुमाल मंधात ठेवला. काठी भिंतीले लावली. आन जसा एकतीस वर्सं बोलला तसाच बोलला, "बोला मॅडम, तुमच्याकडून काय?"

ती माह्याकडं पाहे, त्याच्याकडं पाहे. "बाबा, माझ्याकडचं सगळं कागदावर दिलंय. फक्त तुमची सही हवी होती. तीन आठवडे झाले."

"ते आयकलं. आवडलंबी. आता याच्याकडचं आयका."

"अहो, हा काही करार नाही. वर्गाचे नियम आहेत. सगळ्यांना सारखे."

मी मनलं, "मॅडम, खाली लिवेल हाय, अटी मान्य. मान्य कराचं मनजे दोन्हीकडचं बोलनं होते. नुसतं सांगाचंच असन तर सई कायले मांगता? हुकुमाले आमची सई नाई लागत."

मी काई भांडाच्या आवाजात नाई बोललो. खरंच इचारलं. तिनं तो कागद घेतला, खालची ओळ वाचली, आन कोना दुसऱ्यानं लिवल्यासारखी पाहत राह्यली. मंग खुर्ची वढली आन आमच्यासमोर बसली.

"बरं. सांगा, तुमच्याकडून काय?"

मी तीन अटी घेऊन गेलो होतो. पयली, आमची गाडी उशिरा आली तर त्याचा दोष पोरीले लावाचा नाई. ती मने, "मान्य. पण गाडीतून उतरून कचोरी खात उभी राहिली, तर तो उशीर तिचा." तेबी खरं. पोट्टी कचोरीवाली हायच.

दुसरी, त्या तासाची मराठीची बंदी काढा.

"नाही." डोयाची पापनीबी नाई हालली. "ते नाही होणार बाबा. दिवसातली पस्तीस मिनिटं. तेवढीच इंग्रजी तिच्या कानावर पडते. घरी नाही, गाडीत नाही, गावात नाही. ती पस्तीस मिनिटंही मी मराठीत घालवली, तर उद्या कॉलेजात गेल्यावर ती मलाच बोल लावेल."

नत्थुजीनं माह्याकडं पायलं. सोड मनून. मी सोडली. पेरनीत सुट्टी मांगनाऱ्या सालदाराले मीबी कवा चांगला मनलो नाई.

तिसरी अट मी सोडनार नव्हतो. मी मनलं, "मॅडम, चुकली तर चारचौघात उभी नका करू. बाजूले घ्या, तठी कान उपटा, मी काई मनत नाई." मंग मी तिले माह्या पयल्या सालाची गोष्ट सांगतली. बैलाच्या खांद्याले जखम झाली होती, चूक माहीच होती, जू नीट पायलं नाई. मालकानं खळ्यात साऱ्या मजुरायपुढं मले असा धुतला का बाया तोंडाले पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून मी त्या मालकाले काईच सांगनं सोडलं. दुसरा बैल चारा खात नव्हता. चार दिवस मले दिसत होतं. मी तोंड नाई उघडलं. पाचव्या दिवशी बैल गेला. "तवा मॅडम," मी मनलं, "बोलनारा मानूस मुका झाला का त्यात दोघायचं नुकसान असते. माही पोरगी आता तुमच्याशी बोलतच नाई, आन आता तर आमच्याशीबी नाई."

मॅडम मने, "रश्मी? मला तर वाटत होतं, नियम पाळणारी एकच शांत मुलगी आहे वर्गात."

"शांत?" नत्थुजी असा हसला का त्याले ठसका लागला. "बाई, या पोट्टीपायी कंडक्टर कानात कापूस घालते."

मॅडमले हसू नाई आलं. ती उठून बाहीर गेली. रश्मी नळापाशी उभी होती. ती काय बोलली ते आमाले आयकू नाई आलं. बाजूले नेऊनच बोलली ना. मले खिडकीतून दिसलं तेवढं सांगतो. पोट्टी पयले मान खाली घालून होती. मंग तिचा एक हात हालला. मंग दोन्ही हात हालाले लागले. मी नत्थुजीले मनलं, "सुरू झाली."

परत आल्यावर मॅडमनं पेन काढला आन कागदावरची उभं राह्याची ओळ खोडली. तिच्या जाग्यावर लिवलं, आन आमाले वाचून दाखवलं. ज्याले इंग्रजी शब्द नाई आला त्यानं हात वर कराचा, टेबलापाशी येऊन मॅडमच्या कानात मराठीत इचाराचं, ती इंग्रजी शब्द सांगन, तो घेऊन जाग्यावर जाचं आन मोठ्यानं बोलाचं. "पण हे सगळ्या वर्गासाठी," ती मने. "एकट्या रश्मीसाठी नाही."

नत्थुजी मने, "बरोबर. एका बैलापुरता कोठा नसते."

मी सई केली. मले नाव लिवता येते. गुळाचा रुमाल सोडत होतो तर मॅडम मने, "थांबा. तुमचं ऐकल्यावर आता माझी एक अट वाढली."

नत्थुजी खूश. असं मनजे त्याले खरं साल वाटे.

"रोज संध्याकाळी रश्मी तुमच्यासमोर उभी राहून दहा मिनिटं इंग्रजी बोलेल. जे येईल ते. तुम्ही बसून ऐकायचं. आडवं व्हायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि वहीत रोज सही."

"मॅडम, मले त्यातलं काय समजते?"

"समजायचं काम मी तुम्हाला दिलंच नाही. चुकलं तरी भीती वाटणार नाही, असं एक माणूस तिच्यासमोर हवं. तेवढं काम तुमचं."

गूळ खाल्ला. तिनंबी खाल्ला. रश्मीले बोलावून एक खडा देल्ला. घंटी झाली तवा पोट्टी वर्गात गेली. मले मांगं वळूनबी नाई पायलं, आन तेच मले बरं वाटलं.

तवापासून रोज दिवेलागनीच्या आंधी मी बाजेवर ताठ बसो आन ती समोर उभी. पयले दिवस लय हाल. "माय नेम" मनून मने आन छताकडं पाहे. सुंदराबाई चुलीपासून मने, "नाव तर समजलं, पुढं सांग." मी मनलं, "मंधात बोलाचं नाई, अट हाय." ती मने, "अट तुमाले हाय, मले नाई." तरी तीबी हळूहळू भाकर थापनं थांबवून आयके. महिन्याभरात पोट्टी दहा मिनिटाची पंधरा मिनिटं बोलाले लागली. काय बोले देव जाने. पन मले चढउतार समजे. कवा कोनाची नक्कल करून रायली, कवा कोनावर रागावून रायली, ते भाषा नाई आली तरी समजतेच ना.

मंग सोयाबीनच्या सोंगनी-कापनीचे दिवस आले. दिवसभर वाकून आलो, बाजेवर बसलो, आन बसल्याबसल्या डोया लागला. उठलो तर वहीत सई नाई, पोट्टी झोपेल. दोन दिवसानं तिनं मले एक चिठ्ठी आनून देल्ली. चारी बाजूनं पिना मारेल. "मॅडमनं तुमालेच फोडाले सांगतली, आबा. मी नाई पायली."

मी बैलाच्या कोठ्यात जाऊन फोडली. दुसरी शिकेल मानूस, मले वाचाले अर्धा तास लागला असता. पन तिनं अक्षरं अशी मोठी मोठी काढली होती, पाटीवर काढतात तशी. एका ओळीत तीन शब्द. "बाबा, मंगळवारी तुम्ही झोपलात. करारात झोप नव्हती. थकला असाल तर सकाळी ऐका, पण ऐका."

पाहुणे, मले माह्या जिंदगीत लय मालकायनं चूक दाखवली. अशी कोनं नाई दाखवली. नातीले समजू नाई, बायकोले समजू नाई, मनून पिना मारल्या. आन मले सोताले वाचता यावी, कोनापाशी घेऊन जाची पाळी येऊ नाई, मनून अक्षर मोठं काढलं. माही अट तिनं पोरीसाठी घेतली होती, पन पाळली मले धरून. मी ती चिठ्ठी चार डाव वाचली. बैल माह्याकडं पाहून रायला होता.

मंग नाई झोपलो. एक दिवस नाई.

वर्स सरलं. रश्मी काई पयली नाई आली, दुसरी नाई आली. इंग्रजीत पास झाली, बरे गुन पडले. पन तोंडी परीक्षेले तिनं साल कसं ठरते ते साऱ्या वर्गापुढं इंग्रजीतून सांगतलं, नत्थुजीची नक्कल करून. मले मायीत हाय, काहून का ते मी बाजेवर नऊ डाव आयकेल होतं. मांगच्या बाकावरचे पोट्टे हसले मने, पन यावेळेस तिनंच हसवले होते.

पाडवा होऊन गेला, परीक्षा सरल्या, तवा मी आन नत्थुजी रश्मीले घेऊन परत शाळेत गेलो. दहावीचं साल ठरवाले. मॅडम टेबलातलं सामान पिशवीत भरून रायली होती.

"दहावीले तुमीच ना?" मी मनलं.

ती हसली. मने, "बाबा, मी पण सालदारच आहे. माझा कागद वर्षभराचाच होता. यंदा दुसऱ्या कोणाला घेतलंय."

नत्थुजीनं इचारलं, "तुमचं ठरलं तवा मंधात कोन बसलं होतं?"

"कोणी नाही. कागद आला, मी सही केली."

वर्सभर मी तिले मालक समजून रायलो होतो. गूळबी नेला नव्हता सोबत तिचं तोंड गोड कराले, घाईत घरीच राह्यला होता. रश्मीनं मातर सोताहून तिले वाकून नमस्कार केला, आन इंग्रजीत काईतरी लंबं बोलली. मॅडम मंधात बोलली नाई. ताठ बसून आयकलं.

आता रश्मी दहावीत हाय. नव्या सरायचा तास असते. शब्द नाई आला का ही उठून सरळ त्यायच्या कानापाशी जाते. पयल्या दिवशी सर दचकून मांगं सरकले मने. आता सांगतात.

आन मॅडम घरी बसेल हाय, अकोल्याले. चार पोट्ट्यायची शिकवनी घेते. रश्मी फोन करते तवा समजते.

आमच्यात अशी रीत होती. सालदारानं घर सोडलं का नवा मालक जुन्या मालकाले इचारे, मानूस कसा? जुना जे बोलन त्यावर त्याचं पुढचं साल ठरे. मॅडमसाठी कोनी बोललं का नाई ते मले मायीत नाई. बोलन असा दुसरा कोन हाय? मीच हाय. तवा माहं एक काम करा पाहुणे. तुमच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली तर तुमच्या मोठ्या सरायच्या कानावर तिचं नाव घालजा. आकांक्षा हिंगनकर, गोरक्षण रोडकडं राह्यते. गोड करून नका सांगजा. कडक हाय, मराठी बोलू देत नाई, उशिराचा गृहपाठ घेत नाई, हे सारं पयले सांगजा. मंग मनजा का अंजनगावकडच्या एका म्हताऱ्याची नात निंदनाच्या टोळीतून वर्गात वापस गेली, ते या बाईपायी. तो म्हतारा मनत होता, बाई खरी हाय, तिले ठेवून घ्या. एवढं सांगजा त्यायले.